बॉक्सचे पैसे भरले, पण मॅच विकायचा हक्क त्याच्याकडे होता का?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या ताईंच्या घरी नवरा, सासरे आणि १४ वर्षांची मुलगी. सासरे जुने फुटबॉलवाले, गुडघ्यांमुळे आता बाहेर पडणं जवळपास बंद, त्यामुळे टीव्ही हाच विरंगुळा. मुलगी शाळेच्या टीममधून मिडफिल्डला खेळते. दिरांनी मागच्या मोठ्या स्पर्धेच्या वेळी एक बॉक्स आणून टीव्हीला लावून दिला, जगातले सगळे चॅनल त्यात दिसतात, वर्षाचे पैसे एकदम कुठल्यातरी नंबरवर पाठवायचे, पावती वगैरे काही नाही. आता मुलीच्या कोचनी टीममध्ये या विषयावर काहीतरी सांगितलं आणि मुलीने जेवताना सगळ्यांसमोर विचारलं, "आई, आपलं हे चोरीचं आहे का?" नवरा म्हणाला, पैसे भरतो ना आपण, मग चोरी कसली. ताईंना ते पटलं नाही पण उत्तरही सुचलं नाही. कायदेशीर बघायचं तर तीन-चार अ‍ॅप घ्यावी लागतील असं कोणीतरी सांगितलंय, तेवढा खर्च झेपणारा नाही. मुलीची मैत्रीण म्हणते व्हीपीएन (आपण दुसऱ्या देशात आहोत असं इंटरनेटला भासवणारं अ‍ॅप) लावून दुसऱ्या देशातलं फुकट चॅनल बघा. आणि बॉक्स काढला तर भाऊजी दुखावतील ही धास्ती वेगळीच. त्या विचारतात, सगळ्या मॅच, टीव्हीवर, नियमात राहून आणि परवडेल असं बघायचा काही मार्ग आहे का, की मी उगाच बाऊ करतेय?

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, तुम्ही अजिबात बाऊ करत नाही आहात. मुलीने विचारलं आणि तुम्ही "गप्प जेव" म्हणून विषय संपवला नाहीत, पत्र लिहायला बसलात, मला हे फार आवडलं. आणि तुमच्या यजमानांचं म्हणणंही मी हसण्यावारी नेणार नाही, कारण "पैसे भरतो ना आपण" हे कितीतरी घरांत बोललं जातं आणि अगदी मनापासून बोललं जातं. ज्याने खिशातून पैसे काढलेत त्याला आपण काही चोरतोय असं वाटणारच नाही. फक्त एक विचारून बघायचं, पैसे कोणाच्या हातात गेले, आणि त्या माणसाकडे ती वस्तू विकायला होती का?

वर्ल्ड कपच्या प्रक्षेपणाचे हक्क फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेकडे असतात, युरो म्हणजे युरोपच्या स्पर्धेचे युएफा या युरोपच्या फुटबॉल संघटनेकडे. ते हे हक्क एकेका देशासाठी किंवा काही देशांच्या गटासाठी वेगवेगळ्या कंपन्यांना विकतात. त्यामुळे एकच मॅच एका देशात सरकारी चॅनलवर फुकट असते, शेजारच्या देशात पैसे भरायच्या स्पोर्ट्स चॅनलवर असते, तिसरीकडे फक्त अ‍ॅपवर. एकाच देशात भाषेप्रमाणे सुद्धा वाटणी होते, अमेरिकेत २०२६ च्या वर्ल्ड कपचे इंग्रजी हक्क फॉक्सकडे आणि स्पॅनिश हक्क टेलिमुंडोकडे. म्हणजे तुमच्या देशापुरती तो सिग्नल तुमच्या घरापर्यंत आणायची परवानगी मोजक्याच लोकांकडे असते, कधी कधी एकाकडेच. बॉक्सवाला त्या यादीत नसतो. तो कुठल्यातरी देशातल्या खऱ्या चॅनलचं कनेक्शन घेतो, त्याचं चित्र कॉपी करून सर्व्हरवर चढवतो आणि हजारो लोकांना विकतो, तुमचे पैसे त्याच्यापाशी थांबतात, खेळ दाखवणाऱ्यांपर्यंत त्यातलं काहीही जात नाही.

हे किती मोठ्या प्रमाणावर होऊ शकतं ते सांगते. २०१७ ते २०१९ या काळात बीआउटक्यू नावाचा एक प्रकार चालू होता, कतारच्या बीइन स्पोर्ट्स या चॅनलचं प्रक्षेपण उचलायचं, त्यावर आपला लोगो लावायचा आणि सॅटेलाइटवरून पुन्हा दाखवायचं, २०१८ चा वर्ल्ड कप सुद्धा तसाच दाखवला गेला. त्याचे बॉक्स उघडपणे विकले जायचे, लोक पैसे देऊनच घ्यायचे. प्रकरण जागतिक व्यापार संघटनेपर्यंत गेलं आणि २०२० मध्ये तिथल्या पॅनलने, हा प्रकार ज्यांच्या हद्दीतल्या लोकांनी चालवला त्या सौदी अरेबियाच्या विरोधात मत दिलं, की या चोरीवर फौजदारी कारवाई करायची जबाबदारी त्यांनी पाळली नाही. आता ज्यांनी तो बॉक्स घेतला होता त्या साध्या प्रेक्षकांचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही, पण पैसे दिल्याने तो बॉक्स नियमात बसला असंही नाही. यजमानांशी बोलताना हे उदाहरण द्या, त्यांना दोष न देता मुद्दा पोचेल.

बॉक्सचा दुसरा त्रास तुमच्या सासऱ्यांच्या बाजूने बघा. असे सर्व्हर लाइव्ह मॅच चालू असतानाच शोधून बंद करतात, ब्रिटनमध्ये तर २०१७ पासून कोर्टाच्या आदेशाने प्रीमियर लीगच्या, म्हणजे इंग्लंडच्या मुख्य क्लब स्पर्धेच्या मॅचेसच्या वेळी इंटरनेट कंपन्यांना असे सर्व्हर ब्लॉक करावे लागतात. म्हणजे ज्या मॅचला सगळ्यात जास्त लोक बसलेले असतात त्याच मॅचला बॉक्स मान टाकतो. सेमीफायनल एक्स्ट्रा टाइममध्ये गेली आणि स्क्रीनवर गोल गोल फिरणारं चाक आलं तर ज्याला पैसे दिलेत तो फोन उचलणार नाही आणि पावती नसल्यामुळे तुम्हाला कुठे तक्रारही करता येणार नाही. शिवाय हा बॉक्स तुमच्या घरच्या वायफायवर बसलेला असतो, त्यात कोणी काय सॉफ्टवेअर घातलंय हे तुम्हाला बघता येत नाही. माझ्या मते घरात मुलीचा फोन आणि तुमचं बँकेचं अ‍ॅप त्याच वायफायवर असताना एवढं एक कारण सुद्धा पुरेसं आहे.

आता तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला जरा तपासून बघायचीय. तुम्ही धरून चाललाय की कायदेशीर म्हणजे तीन-चार अ‍ॅप. हे कोणी सांगितलं? ज्याने सांगितलं त्याने बहुतेक वर्षभर चालणाऱ्या क्लब फुटबॉलचा हिशोब केलाय, तिथे खरंच इंग्लंडची लीग एकीकडे, स्पेनची दुसरीकडे, चॅम्पियन्स लीग तिसरीकडे असा घोळ असतो. देशांच्या स्पर्धेचं तसं नसतं. ती महिनाभर चालते आणि एका देशात तिचे हक्क बहुतेक वेळा एका किंवा दोन ठिकाणीच असतात. त्यामुळे अ‍ॅपची यादी करत बसण्याआधी आपल्या देशात या स्पर्धेचे हक्क कोणाकडे आहेत ते शोधायचं. हे शोधायला कोणाला विचारत फिरावं लागत नाही, फिफा मोठ्या स्पर्धेआधी देशानुसार हक्कधारकांची यादी आपल्या साइटवर टाकते, युएफाही टाकते. त्यात तुमच्या देशासमोर जे नाव आहे तिथून सुरुवात करा. गुगलवर "लाइव्ह फुटबॉल फ्री" असं टाकून नका शोधू, वर येणाऱ्या लिंकांमध्ये निम्मा वेळ जाहिराती बंद करण्यात जातो आणि उरलेल्या वेळात काय डाउनलोड झालं ते कळत नाही.

आणि घाई नका करू. हक्कांचे करार कधी कधी फार उशिरा होतात. २०२३ च्या महिला वर्ल्ड कपच्या वेळी जर्मनी, फ्रान्स, स्पेन, इटली, ब्रिटन एवढ्या मोठ्या देशांचं ठरलेलं नव्हतं, फिफाचे अध्यक्ष इन्फान्टिनो यांनी आलेल्या बोली फार कमी आहेत असं जाहीर सांगून तिथे प्रक्षेपणच होणार नाही असा इशारा दिला होता, आणि २० जुलैला सुरू होणाऱ्या स्पर्धेचा युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनबरोबरचा (युरोपातल्या सार्वजनिक चॅनलांची संघटना) करार झाला जूनच्या मध्यावर. म्हणजे महिनाभर आधी. जो कोणी त्याच्या आधी दोन महिने "सगळ्या मॅच आमच्याकडे" म्हणून वर्षाचं पॅक विकत असेल त्याच्याकडे विकायला काय होतं तुम्हीच सांगा.

यादीत नाव सापडलं की लगेच बघायचं, यातलं फुकट किती आहे. याकडे लोकांचं लक्षच जात नाही, आणि तुमच्यासारख्या घराला याचाच सगळ्यात जास्त उपयोग आहे. बऱ्याच देशांत कायदाच आहे की अमुक एक मोठ्या स्पर्धा सगळ्या जनतेला दिसल्याच पाहिजेत, फक्त पैसे भरणाऱ्यांना नाही. ब्रिटनमध्ये अशी यादी आहे, वर्ल्ड कप आणि युरो दोन्ही त्यात आहेत, म्हणून तिथे बीबीसी आणि आयटीव्ही मॅच वाटून घेतात, टीव्ही लायसन (तिथे टीव्ही बघायला भरायची वार्षिक फी) असलं की वेगळे पैसे नाहीत. बेल्जियमच्या यादीतही वर्ल्ड कपच्या सगळ्या मॅच आहेत. फिफाने या दोन्ही याद्यांविरुद्ध आणि युएफाने ब्रिटनच्या यादीविरुद्ध युरोपच्या कोर्टात दाद मागितली होती, की अहो सगळ्या मॅच कशाला, फायनल-सेमीफायनल ठीक आहे, पण त्या केस २०११ मध्ये हरले आणि वरच्या कोर्टात २०१३ मध्ये पुन्हा हरले. जर्मनीत सगळ्या नाही, पण उद्घाटनाची मॅच, सेमीफायनल, फायनल आणि जर्मनीच्या स्वतःच्या मॅच फुकट चॅनलवर दाखवाव्या लागतात. ऑस्ट्रेलियातही अशी यादी आहे. भारतात २००७ चा कायदा आहे, सरकारने राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर केलेल्या सामन्यांचा सिग्नल खासगी चॅनलला प्रसार भारतीला द्यावा लागतो.

यात एक बारीक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. भारतात सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलं की असा शेअर केलेला सिग्नल दूरदर्शनने स्वतःच्या टॉवरवरून आणि फ्री डिशवरच दाखवायचा, केबल किंवा खासगी डीटीएचवरून नाही. म्हणजे चॅनल तोच, पण एका वाटेने आलं तर मॅच दिसते, दुसऱ्या वाटेने आलं तर नाही. असे फरक इतर देशांतही असतात, अँटेनावर दिसतं ते त्याच चॅनलच्या अ‍ॅपवर नसतं किंवा उलटं. म्हणून नुसतं "कुठल्या चॅनलवर आहे" विचारून भागत नाही, आपल्या घरी ते चॅनल कशावरून येतं ते सुद्धा बघावं लागतं. खूप जणांच्या टीव्हीला मागे अँटेनाची जागा असते आणि ती वर्षानुवर्षं रिकामीच असते, तुमच्याकडे जमिनीवरून डिजिटल प्रसारण मिळत असेल तर साधा अँटेना लावून टीव्हीच्या सेटिंगमध्ये ऑटो ट्यूनिंग चालवून बघा. ते चालू केलं की टीव्ही एकेक फ्रिक्वेन्सी तपासत जातो आणि खाली सापडलेल्या चॅनलचा आकडा वाढताना दिसतो, दहा-पंधरा मिनिटं लागू शकतात, मध्येच बंद करू नका. जुन्या टीव्हीत डिजिटल ट्यूनर नसेल तर काही सापडणार नाही, मग छोटा सेट टॉप बॉक्स लागतो, त्यात बेकायदेशीर काही नाही, सगळेच बॉक्स वाईट असं मुलीच्या डोक्यात बसायला नको.

आता दुसरी तपासायची गोष्ट, "सगळ्या मॅच". ताई, २०२६ पासून पुरुषांच्या वर्ल्ड कपमध्ये ४८ टीम आणि १०४ मॅच आहेत, आधी ३२ टीम आणि ६४ मॅच असायच्या. १०४ मॅच म्हणजे नुसते ९०-९० मिनिटं धरले तरी १५६ तास, मध्यंतर, जादा वेळ, पेनल्टी वेगळं. तुमच्या घरात एवढं कोण बघणारे? सासरे कदाचित खूप बघतील, पण मॅच दुसऱ्या टोकाच्या देशात असतील तर काही मध्यरात्री, काही पहाटे, या वयात ते रोज जागणार का आणि त्यांनी जागावं का? मुलीला शाळा आणि प्रॅक्टिस. यजमान ऑफिसला. मला वाटतं की एका संध्याकाळी सासरे आणि नात दोघांना स्पर्धेचं वेळापत्रक घेऊन बसवा आणि खरंच बघायच्या मॅचवर खूण करायला सांगा, वेळा आपल्या घड्याळाप्रमाणे लिहून. ज्या मॅचवर दोघांची खूण पडली त्या नक्की हव्यात, ज्यावर एकाची पडली त्या बघू, उरलेल्यांचे हायलाइट्स. मग हक्कधारकाच्या फुकट चॅनलवर यातल्या किती येतात ते पडताळा. निम्म्याहून जास्त तिथेच मिळाल्या तर पैसे भरायचे की नाही हा निर्णय एकदम सोपा होतो, आणि नाही मिळाल्या तर कशासाठी भरतोय ते तरी माहीत असतं.

खुणा करताना एक बघा, गटातल्या शेवटच्या फेरीत त्या गटाच्या दोन्ही मॅच एकाच वेळी सुरू होतात. १९८२ च्या वर्ल्ड कपमध्ये स्पेनमधल्या खिखोनला पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांची मॅच झाली होती, दुसऱ्या मॅचचा निकाल आधीच लागलेला, जर्मनीने १-० ने जिंकलं की दोघंही पुढे जातात हे दोघांना माहीत, पहिल्या ११ मिनिटांत गोल झाला आणि नंतर दोन्ही टीम नुसता बॉल इकडून तिकडे फिरवत बसल्या, बाहेर गेला अल्जीरिया. त्यानंतर पुढच्या वर्ल्ड कपपासून शेवटच्या फेरीच्या मॅच एकाच वेळी ठेवायला लागले. सासऱ्यांना हा किस्सा बहुतेक पाठ असेल, त्यांनाच नातीला सांगू दे. तुमच्यासाठी याचा अर्थ असा की त्या दिवसांत मुख्य चॅनलवर एकच मॅच दिसते, दुसरी त्यांच्याच जोड चॅनलवर किंवा अ‍ॅपवर असते, तेव्हा ते जोड चॅनल तुमच्या पॅकमध्ये आहे का ते आधीच बघा, कारण सगळ्यात रंगतदार दिवस हेच असतात.

पैसे भरायची वेळ आलीच तर पॅक महिन्याचं घ्या, वर्षाचं नाही. स्पर्धा साधारण महिनाभराची असते, कधी थोडी जास्त, त्यामुळे पहिल्या मॅचच्या दिवशी घेतलं तर फायनल कुठे पडते ते तारखा मोजून बघा, दोन-चार दिवसांसाठी दुसरा महिना भरावा लागत असेल तर सुरुवातीच्या काही मॅच फुकट चॅनलवर बघून पॅक उशिरा सुरू करणं जास्त बरं. आणि घेतल्या घेतल्या ऑटो रिन्यूअल बंद करून टाका, बहुतेक ठिकाणी बंद केलं तरी भरलेल्या मुदतीपर्यंत चालतं. वर्षाच्या पॅकवर भरपूर सूट दाखवतात, पण ज्या घरात वर्षभर फुटबॉल बघितलंच जात नाही तिथे सूट कसली.

तुम्हाला टीव्हीवरच हवंय हे तुम्ही आवर्जून लिहिलंय आणि ते अगदी बरोबर आहे, सासऱ्यांनी फोन डोळ्यांशी धरून मॅच बघावी असं कोणाला वाटेल. पण अ‍ॅपवाल्यांचे स्वस्त प्लॅन पुष्कळदा फक्त मोबाइलवर चालतात, टीव्हीवर लावायला गेलं की अपग्रेड करा म्हणतात. कधी फोनवरून टीव्हीवर कास्ट करायलाही अडवतात. प्लॅनच्या खाली बारीक अक्षरात किती स्क्रीन, कुठल्या डिव्हाइसवर हे लिहिलेलं असतं, तेवढं वाचल्याशिवाय पैसे भरू नका. जुन्या स्मार्ट टीव्हीवर ते अ‍ॅप इन्स्टॉलच होत नाही असंही होतं, तेव्हा आधी टीव्हीवर अ‍ॅप उघडून एखादा फुकट व्हिडिओ चालतोय का ते बघा, मग पैसे. नाहीच चाललं तर लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडता येतो, किंवा नामांकित कंपनीची स्ट्रीमिंग स्टिक घेऊन तिच्या अधिकृत स्टोअरमधून तेच अ‍ॅप टाकता येतं. हे सगळं पहिल्या मॅचच्या आधी आठवडाभर करून ठेवा, राष्ट्रगीत चालू असताना पासवर्ड शोधायची वेळ येऊ देऊ नका.

आणखी एक. चॅनल आणि अ‍ॅप दोन्हीवर मॅच मिळत असेल तर सासऱ्यांसाठी चॅनलच घ्या. अ‍ॅपवरचं चित्र छोटे छोटे तुकडे करून येतं, म्हणून ते चॅनलच्या मागे असतं, कधी काही सेकंद, कधी अर्धा मिनिट आणि त्याहून जास्त. शेजारून आरडाओरडा ऐकू येतो आणि आपल्या टीव्हीवर अजून कॉर्नर पण घेतलेला नसतो. शिवाय रिमोटवरचा एक आकडा दाबून चॅनल लागतं, अ‍ॅपमध्ये लॉगिन, प्रोफाइल, अपडेट हे सगळं आलं, घरी ते एकटे असतील तेव्हा कोण करून देणार.

व्हीपीएनचं विचारलंत. व्हीपीएन वापरणं बऱ्याच देशांत बेकायदेशीर नाही, काही देशांत त्यावर कडक निर्बंध आहेत. पण दुसऱ्या देशात असल्याचं भासवून तिथलं चॅनल बघणं जवळजवळ प्रत्येक स्ट्रीमिंग सेवेच्या अटींच्या विरुद्ध असतं, आणि बीबीसीसारख्या ठिकाणी तर ती सेवा तिथे राहून टीव्ही लायसन भरणाऱ्यांसाठी आहे. सेवा व्हीपीएन ओळखून बंद करतात, पैसे भरलेलं अकाउंटही जाऊ शकतं. तुम्ही मुलीच्या प्रश्नापासून सुरुवात केलीय, तर एका बॉक्समधून बाहेर पडून या दुसऱ्या पळवाटेत शिरू नका असंच मी सांगेन. सीमेपलीकडचं सगळंच चूक असतं असंही नाही बरं का. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथच्या कॅरन मर्फी या पबवाल्या बाईंनी ग्रीसच्या पैसे भरायच्या चॅनलचं, सॅटेलाइट बॉक्समध्ये घालायचं कार्ड विकत घेऊन प्रीमियर लीग दाखवली, प्रकरण युरोपच्या कोर्टात गेलं, आणि २०११ मध्ये कोर्टाने म्हटलं की युरोपियन युनियनच्या दुसऱ्या सदस्य देशाचं कार्ड वापरायला सरसकट बंदी घालणं युरोपच्या कायद्यात बसत नाही, मात्र पबमध्ये दाखवताना लीगचं गाणं, ग्राफिक्स याला परवानगी लागेल. त्या कार्डाचे पैसे खऱ्या चॅनलला गेले होते, हा फरक मोठा आहे. तसंच युरोपियन युनियनमध्ये १ एप्रिल २०१८ पासून नियम आहे की स्वतःच्या देशात पैसे भरून घेतलेली सेवा तात्पुरत्या प्रवासात दुसऱ्या सदस्य देशातही चालली पाहिजे. तेव्हा स्पर्धेच्या काळात प्रवासाला जाणाऱ्या वाचकांनी आपल्या सेवेचे प्रवासाचे नियम आधी वाचून घ्यावेत, काही ठिकाणी हक्काने मिळतं, व्हीपीएनची गरजच नसते.

आता भाऊजी. मला वाटतं तुमची खरी अडचण इथे आहे, चॅनल शोधणं त्यामानाने सोपं. त्यांनी बॉक्स आणला तो वडिलांना मॅच दिसाव्यात म्हणून, स्वतः येऊन जोडून दिला, ही माया आहे आणि ती तशीच धरायची. "तुमच्यामुळे पोरगी आम्हाला चोर म्हणाली" असं चुकूनही त्यांच्या कानावर जाऊ देऊ नका. त्यांच्या हातात दुसरं काम द्या. "भाऊजी, या वेळी फुकट चॅनलवर बऱ्याच मॅच आहेत म्हणे, तुम्हाला यातलं कळतं, अँटेना लावून ट्यूनिंग करून द्याल का?" असं यजमानांनी किंवा तुम्ही म्हणा, आणि सासऱ्यांनाही त्यात घ्या. जो माणूस वडिलांसाठी एवढी खटपट करतो तो हेही करेल. ते म्हणालेच की बॉक्सचे पैसे भरलेत ते वाया जातील, तर जाऊ द्यात, गेलेले पैसे वसूल करायला म्हणून नको असलेली गोष्ट पुढे चालवायची नसते. मात्र वाद नका घालू, त्यांच्या स्वतःच्या घरी काय ठेवायचं ते त्यांचं ते ठरवतील. तुम्ही फक्त तुमच्या घरापुरतं ठरवताय.

बॉक्स काढताना नुसती वायर उपटून कपाटात टाकू नका. त्यात तुमचं ईमेल, कार्ड, कुठला पासवर्ड टाकलेला असेल तर तो आधी काढा, मग सेटिंगमधून फॅक्टरी रिसेट करा आणि घरच्या वायफायचा पासवर्ड बदला. ईमेलचा पासवर्डही बदललात तर उत्तम. आणि त्या नंबरवर दरवर्षी पैसे जायची काही ऑटो व्यवस्था यजमानांनी लावून ठेवली असेल तर ती बँकेच्या अ‍ॅपमधून बंद करा.

मुलीला काय सांगायचं ते तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्र तिच्यापासूनच सुरू होतं म्हणून लिहिते. तिला सरळ सांगा, की हो, तो बॉक्स ज्याने विकला त्याला तो हक्क नव्हता, आम्हाला हे नीट माहीत नव्हतं, आता कळलंय तर आपण बदलतोय. काकांवर राग धरायचा नाही. आणि तिला कामाला लावा, हक्कधारकांची यादी तिने शोधायची, वेळापत्रक तिने काढायचं, कुठली मॅच कुठल्या चॅनलवर ते आजोबांच्या खुर्चीशेजारी मोठ्या अक्षरात लिहून चिकटवायचं. ती मिडफिल्डला खेळते म्हणता, तर प्रक्षेपणाच्या हक्कांतून आलेला पैसा फिफाच्या कमाईतला फार मोठा भाग असतो आणि त्यातूनच देशोदेशीच्या फुटबॉल संघटनांना मदत जाते हेही तिला कळू दे. तो पैसा तळापर्यंत किती पोचतो यावर लोक भांडतात आणि भांडावंच, पण बॉक्सवाल्याकडून त्यातलं काहीच पोचत नाही.

अजून एक शक्यता सुचवते. तिच्या टीमच्या मुली आणि आईवडील मिळून एखादी मॅच शाळेत किंवा हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर बघणार असतील तर घरचं कनेक्शन तिथे नेऊन लावण्याआधी थांबा. घरगुती पॅक घरापुरतंच असतं. सार्वजनिक ठिकाणी दाखवायचे नियम वेगळे असतात, फिफा त्याची नियमावली स्पर्धेआधी जाहीर करते, तिकीट लावलं किंवा प्रायोजक घेतला तर लायसन लागतंच, फुकट आणि छोट्या कार्यक्रमाला पुष्कळदा सवलत असते. कोचना सांगा की हक्कधारक चॅनलला ईमेल करून लेखी विचारून घ्या, आणि हे पण लवकर करायला सांगा, स्पर्धा सुरू झाल्यावर त्या ईमेलला उत्तर यायला फार वेळ लागेल.